मोडलं कुठनं?

एखादी वस्तू मोडली की सगळ्या जगाचं तोंड पडतं. आमच्या वन्संचं मात्र नेमकं त्याच क्षणी उजळतं, आणि वस्तू जितकी जपून ठेवलेली तितकं जास्त उजळतं. रंकाळ्यापासून उद्यमनगरापर्यंत हवं तितकं हिंडा, मोडतोडीवर इतकं मनापासून प्रेम करणारी दुसरी बाई तुम्हाला अख्ख्या कोल्हापुरात सापडायची नाही. लग्न होऊन मी गारगोटीहून या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या हातून सासूबाईंची लोणच्याची काचेची बरणी निसटली. घर नवं, माणसं नवी, कैरीच्या फोडी फरशीभर, आणि मी थिजून उभी. सासूबाई दाराशी पोचायच्या आत वन्सं पोचल्या. खाली उकिडव्या बसल्या, तेलानं माखलेला एक तुकडा उचलून उजेडाकडं धरला आणि म्हणाल्या, "वैनी, काय सुंदर फुटलीय! पण सुरुवात कुठनं झाली? आधी तळ टेकला की काठ?" मी रडत रडत म्हणाले, "काठ." "शाब्बास," त्या म्हणाल्या, "बघून पाडलीस." नणंद या नात्याबद्दल मला माहेराहून जे जे शिकवून पाठवलं होतं, ते सगळं त्या दिवशी त्या लोणच्यात बुडालं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. त्यांच्या विषयाला त्या 'सॉलिड मेकॅनिक्स' म्हणतात. मी गडमुडशिंगीच्या हायस्कुलात मराठी शिकवते, म्हणून सुरुवातीला मी त्याला 'घनपदार्थांचं यंत्रशास्त्र' असं भारदस्त नाव देऊन पाहिलं. सासूबाई नुसतं 'मोडायचं शास्त्र' म्हणतात, आणि मला वाटतं त्यांचंच नाव सगळ्यात नेमकं आहे. कुठल्याही वस्तूवर भार आला की ती कुठं वाकते, कुठं ताणते आणि शेवटी कुठनं जाते, हे ती वस्तू प्रत्यक्ष न मोडता कॉम्प्युटरवर आधीच सांगायचं, असं ते काम. हे मला समजावं म्हणून वन्संनी एकदा भाजीच्या पिशवीतलं पडवळ उपसलं, त्याच्यावर बॉलपेननं बारीक चौकोनांची जाळी आखली आणि दोन्ही हातांनी ते हळूहळू वाकवलं. "बघ वैनी, बाहेरच्या अंगाचे चौकोन लांबले, आतल्या अंगाचे दबले. प्रत्येक चौकोन शेजारच्याला ओढतोय, ढकलतोय. असे लाखभर चौकोन पाडायचे, प्रत्येकाचं गणित मांडायचं, आणि सगळी गणितं एकदम सोडवायची. मग कळतं कुठला चौकोन आधी..." कट्‌ करून पडवळ मोडलं. "हा!" वन्सं ओरडल्या. त्या दिवशीच्या भाजीला जराशी निळसर झाक होती, पण ती सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

त्यांना बघायला एकदा सांगलीकडचं स्थळ आलं होतं. ही गोष्ट माझ्या लग्नाआधीची, पण सासूबाईंनी मला ती इतक्यांदा सांगितलीय की पोह्यांची चवसुद्धा मला आठवते. मुलाच्या आत्यानं कौतुकानं विचारलं, "मुलीला आवड कशाची?" वन्सं म्हणाल्या, "मोडायची." आत्याबाईंचा चमचा हवेतच राहिला. वन्संना वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नाही. म्हणून त्यांनी खुलासा केला, "म्हणजे नुसती मोडायची नाही. मोडल्यावर नीट बघायची." ते स्थळ अर्थातच मोडलं. घरात सुतक पडल्यासारखं झालं, तर वन्सं म्हणाल्या, "एवढं काय? कुठनं मोडलं ते तरी आपल्याला नक्की ठाऊक आहे." त्यानंतर त्यांनी लग्नाचा विषय कायमचा बंद केला, आणि त्या कधी त्यासाठी हळहळल्याचं मी पाहिलेलं नाही.

घरातला त्यांचा कोपरा खिडकीशी. तिथं त्यांचा कॉम्प्युटर एकदा 'सोडवायला' लागला की घरावर संचारबंदी. मिक्सर लावायचा नाही, इस्त्री लावायची नाही, कारण आमच्या घरातली वायर जुनी आणि एकदा वीज गेली की दोन दिवसांचं गणित पाण्यात. चटणी उखळात कुटायची, तीसुद्धा मागच्या अंगणात, हळू. गणित सुटायला आलं की आकडे एका ठिकाणी येऊन स्थिरावतात, त्याला त्या 'कन्व्हर्ज होणं' म्हणतात. कधी कधी ते आठवडाभर होत नाही. सासूबाईंनी काळजीनं शेजारच्या काकूंना सांगितलं, "काय करावं, पोरीचं कन्वर्ज हुईना बघा चार दिवस झालं." काकूंनी गंभीरपणे मान हलवली आणि संध्याकाळी ओवा, सुंठ आणि काळ्या मिठाचा काढा पाठवून दिला. वन्संनी तो प्यायला. दुसऱ्या दिवशी गणित सुटलं. काकू अजून तो काढा लोकांना देतात.

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, घराण्याचा नेमच आहे तो. पडद्यावर आकडे धावत असले की वन्संना सूर्याचं भान राहायचं नाही. सासूबाई दारातून हाका मारत, "अगं दिस चालला की! देवाचा नेम पाळतीस का त्या डबड्याचा?" "आई, दोनच फेऱ्या राहिल्यात!" दोन फेऱ्या संपेपर्यंत बाहेर अंधार, आणि मग वन्सं पाणी पिऊन झोपायला जायच्या. पण खरी गंमत सासूबाईंची. गणित सुटलं की पडद्यावर त्या वस्तूचं रंगीत चित्र येतं, निळं म्हणजे निवांत आणि लाल म्हणजे धोक्याचं. सातवीपर्यंत शिकलेल्या आमच्या सासूबाई पदराला हात पुसत यायच्या, चष्मा लावायच्या आणि विचारायच्या, "लाल कुठं आलंय?" वन्सं म्हणतात, अकरा वर्षांत त्यांना इतका नेमका प्रश्न त्यांच्या मार्गदर्शकांनीसुद्धा विचारला नव्हता.

ही अकरा वर्षं म्हणजे त्यांच्या पीएच.डी.ची. विषय होता फिरणारे शाफ्ट. यंत्रात चाकं ज्याच्यावर फिरतात तो लोखंडी दांडा किती फेऱ्यांनंतर थकतो, त्याला भेग कुठनं सुरू होते, आणि तो नेमका कधी जातो, हे आधी सांगण्याची त्यांनी पद्धत बसवली होती. एक मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे आले, कॉलेजचं काम, तपासायचे पेपर, सगळं सांभाळत अखेर प्रबंध पुरा झाला. संक्रांतीनंतर तो विद्यापीठात द्यायचा ठरलं होतं. सासूबाईंनी तर भाजीवालीपासून देवळापर्यंत सगळीकडं 'आमची डॉक्टरीण' म्हणायला सुरुवातही केली होती.

आणि मार्गशीर्षातल्या एका रविवारी कोडोलीहून मामा आले.

मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. कोडोलीला त्यांची शेती आणि गुऱ्हाळ. दारातूनच त्यांचा आवाज आला, "दुसऱ्यांदा मोडला बघ चरकाचा शाफ्ट! एका हंगामात दोनदा! त्या उद्यमनगरच्या मिस्त्र्यानं सडकं लोखंड घातलंय, दुसरं काय न्हाय. सगळ्या गावाला सांगणार हाय मी. चाकाचं आख्खं धूड निखळून खाली आलं. हौसाबाई चरकात ऊस लावायला बसती की न्हाय, तिचा पाट चेपून पापड झाला. बाई नेमकी पाणी प्यायला उठलीती म्हणून वाचली!"

वन्संच्या हातात भाकरीचा तुकडा होता. डोळे लकाकले. "मामा, मोडलं कुठनं?"

मामांनी त्यांच्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "पोरी, बाई मरता मरता वाचलीया. आन् तू इचारतीस, मोडलं कुठनं?"

वन्संचं तोंड पडलेलं मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी भाकरी ताटात ठेवली. "चुकलं मामा. कशी आहे ती?" मामा म्हणाले, बरी हाय, पण घरातनं भायेर पडंना. संध्याकाळी मी पेपर तपासत बसले होते, तर शेजारी येऊन म्हणाल्या, "वैनी, मी आधी शाफ्टचं विचारलं." मी म्हटलं, "हो." "आधी बाईचं विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "हो वन्सं." त्यांनी मान हलवली. "उद्या तुला नाताळची सुट्टी आहे ना? मला कोडोलीला सोड."

सोड म्हणाल्या, कारण त्यांना स्कूटर चालवायला घरात बंदी आहे. पूल आला की त्या रस्त्याकडं बघायचं सोडून कठड्याला गेलेल्या भेगा बघतात.

कोडोलीला आम्ही आधी हौसाबाईच्या घरी गेलो. वन्सं तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. पाच मिनिटं त्यांनी शाफ्टचं नावसुद्धा काढलं नाही, आणि हे त्यांना किती जड गेलं असेल ते मलाच ठाऊक. हौसाबाईनंच विषय काढला. "मी सांगितलतं मालकास्नी. सकाळी चरक गप फिरतोय, पर दुपार झाली की त्ये माझ्या पायाखाली दम टाकतंय. मोळी आत घातली की दम टाकतंय. कोण आयकतंय? म्हंत्यात, हौसे, तुजं पाय सुजल्यात." वन्सं जरा पुढं सरकल्या. "दम टाकतंय म्हणजे?" हौसाबाईनं तळहात जमिनीवर ठेवला आणि हळूच खाली-वर केला, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखा. वन्संनी ते बघितलं, वहीत लिहूनही घेतलं. पण तेवढ्यात मामा बोलवायला आले, आणि मोडका शाफ्ट दिसताच त्यांच्या डोक्यातून बाकी सगळं उडालं.

माझ्या शाळेतल्या मुलांना सहलीत किल्ला बघून होत नाही इतका आनंद वन्संना त्या मोडक्या लोखंडाच्या तोंडाकडं बघून झाला. भिंग काढलं, पालथ्या पडून बघायला लागल्या. "वैनी, ये, ये! या बारीक लाटा दिसतात? वाळूवर पाणी ओसरल्यासारख्या? भेग इथनं सुरू झाली आणि रोज थोडी थोडी सरकत गेली. आणि हा खडबडीत भाग शेवटचा, एका झटक्यात गेलेला. मामा, लोखंडात खोट असती तर असं मोडलं नसतं. हे लोखंड सोन्यासारखं आहे. हे थकून मेलंय." मामा म्हणाले, "दोन महिन्यांत थकलं व्हय? मी साठ वर्सं झाली, अजून थकलो न्हाय." आणि मग वन्संच्या लक्षात आलं की तो मोडला होता बेअरिंगच्या कडेला, म्हणजे शाफ्टला टेकू देणाऱ्या जागेपाशी. त्यांच्या अकरा वर्षांच्या पद्धतीप्रमाणे तो मोडला असता तर दातऱ्या चाकापाशी मोडायला हवा होता, आणि तोही कित्येक हंगामांनंतर. त्या उठून बसल्या. केसांत चिपाडाचा भुगा. "हे इथनं मोडायलाच नको," त्या पुटपुटल्या.

पुढचे तीन दिवस आमच्या घरात मिक्सर बंद. वन्संनी त्या शाफ्टचं माप न माप घालून गणित सोडवलं, जाळी बारीक केली, पुन्हा सोडवलं. प्रत्येक वेळी लाल रंग चाकापाशी. सासूबाई येऊन बघून गेल्या, "लाल तर हितं हाय. मग तिथनं कसा मोडला?" "तेच तर!" वन्संनी टेबलावर हात मारला. "कॉम्प्युटर म्हणतो मोडणार नाही, शाफ्ट म्हणतो मोडलो. दोघांतला एक खोटं बोलतोय, आणि शाफ्टला खोटं बोलता येत नाही." चौथ्या दिवशी भर दुपारी जेवताना त्यांनी कढीचा भुरका घेतला, आणि तो गिळायच्या आत ताडकन उभ्या राहिल्या. "वैनी! दम टाकतंय! दम टाकतंय म्हणाली ना ती?" वाटी कलंडली. "मी धरून चालले की बेअरिंग जमिनीला घट्ट बसलंय. जमीन हलत नाही. अकरा वर्षं मी जमीन हललीच नाही असं धरलंय! पण बेअरिंग ज्याच्यावर बसवलंय तो कट्टाच खाली-वर होत असेल तर? प्रत्येक फेरीला शाफ्ट वाकेल, सरळ होईल, वाकेल, सरळ होईल..." त्यांनी हातातला चमचा तसा वाकवून दाखवला. स्टीलचा होता, पण वाकला. पाच मिनिटांत आम्ही स्कूटरवर होतो, उद्यमनगरच्या वाटेवर. कट्टा हलतो का ते मोजायचा डायल मिस्त्रींकडंच मिळणार होता.

मिस्त्रींचं लेथचं दुकान एका बोळात. साठी उलटलेला माणूस, चाळीस वर्षं लोखंड कातलेले हात. मामांचा शब्द कोडोलीहून इथवर पोचला होता, आणि दोन गिऱ्हाइकांनी दिलेलं काम परत नेलं होतं. मिस्त्री स्टुलावरून उठले नाहीत. "या. आता काय, लोखंड तपासायला आलाय?"

"लोखंड तपासलं," वन्सं म्हणाल्या. "चांगलं आहे. एक नंबर आहे. मी मामांना तसं सांगितलंय, आणि लिहूनही देणार आहे."

मिस्त्री फडक्यानं हात पुसत राहिले, हात स्वच्छ होते तरी. मला वाटलं आता दोन गोड शब्द बोलून डायल मागून निघावं. पण वन्संना गोड बोलणं जमत नाही. "पण मिस्त्री, तुमचा कोपरा चुकलाय." मिस्त्री ताडकन उठले. बेअरिंगपाशी शाफ्ट जाडीला कमी होतो तिथं जी पायरी असते, तिचा आतला कोपरा त्यांनी सुरीसारखा काटकोनात काढला होता. "चाळीस वर्सं असाच काढतोय मी कोपरा! माप बघा की! केसभर चुकलो आसंन तर..." "माप बरोबर आहे. म्हणूनच चूक आहे." वन्संनी त्यांच्याच हातातलं फडकं घेतलं. "हे मधनं फाडायचं तर काय करता?" "दात लावतो." "का?" "एकदा चिरलं की मग सरसर फाटतंय." "तुमचा कोपरा म्हणजे तो दात आहे." मिस्त्रींनी फडक्याकडं बघितलं. मग भिंतीशी टेकवलेल्या नव्या शाफ्टच्या पायरीवरून अंगठ्याचं नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. "गोलाई द्यायची म्हंता," ते शेवटी म्हणाले. "द्यायची." "चाळीस वर्सांत कुणी सांगिटलं न्हाय मला." "मलाही जमिनीचं कुणी सांगितलं नव्हतं. हौसाबाईनं सांगितलं. चला, तुमचा डायल घ्या. तुमच्याशिवाय तो लावणार कोण?"

मामांच्या गुऱ्हाळावर डायल लावला, त्या दिवसाइतकी धाकधूक मी बोर्डाच्या निकालालासुद्धा अनुभवलेली नाही. नवा शाफ्ट बसवला होता, कोपऱ्याला गोलाई दिलेला. चाकाभोवती वन्संनी आधी जुन्या गजांचा मजबूत पिंजरा करून घेतला, त्याशिवाय चरकाला हात लावू दिला नाही. मिस्त्रींनी आपला डायल, म्हणजे केसाइतकी हालचालही काट्यानं दाखवणारं ते घड्याळासारखं मापयंत्र, बेअरिंगच्या कट्ट्याला टेकवून बसवलं आणि त्याचा आधार दूर कोरड्या जमिनीत ठोकला. सकाळी चरक सुरू झाला. काटा जवळजवळ गप्प. मामा विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघा! कुटं हालतंय?" दहा वाजले, अकरा वाजले. काहिलीत रस उकळत होता, गुळव्या घाम पुसत होता, वन्सं आणि मिस्त्री डायलसमोर शेजारी शेजारी उकिडवे बसलेले. मधनं मधनं रसाची भांडी धुतलेलं पाणी चरकाच्या डाव्या अंगाला जात होतं, तिथंच सांडलेला रसही मुरत होता. ते रोजचंच, कुणाचं तिकडं लक्ष नाही. हौसाबाई आली. वन्संनी स्वतः जाऊन तिला आणलं होतं. ती नव्या पाटावर बसली, अनवाणी पाय कट्ट्यावर टेकवले, डोळे मिटले. बारा वाजून गेले. तिनं एक मोठी मोळी आत सारली आणि हात वर केला. "आता टाकला बघा!"

काटा सर्रकन खाली गेला. मोळी सरली, काटा वर आला.

"आयला!" मिस्त्री म्हणाले.

दुसरी मोळी. काटा खाली. मोळी सरली, काटा वर. वन्संनी माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस बोटांच्या खुणा होत्या. "बघ, बघ वैनी, श्वास घेतोय! कट्टा श्वास घेतोय!" मामा गुडघ्यावर बसले, टोपी काढून डोळे काट्याजवळ नेले. मग मिस्त्रींनी चरक थांबवायला लावला, कोपऱ्यातली पहार उचलली आणि कट्ट्याच्या डाव्या कडेखाली सारली. पहार हातभर आत गेली, लोण्यात गेल्यासारखी. कट्ट्याखालची माती पाण्यानं आणि हादऱ्यानं केव्हाच वाहून गेली होती. वर काँक्रीट, खाली पोकळी. रात्री पाणी निचरून मातीचं बूड जरा घट्ट व्हायचं, दुपारी परत चिखल.

वन्संनी तिथंच सांगून टाकलं. चरक बंद, कट्टा उकरायचा, दगडाची भर घालून नव्यानं बांधायचा, पाण्याला चर काढायचा, आणि काँक्रीट पुरतं धरेपर्यंत फिरवायचा नाही. मामा उसळले, "दहा-बारा दिस? तोडलेला ऊस वाळंल की पोरी! आत्ता लाकडं ठोकू खाली, हंगाम झाला की बघू." वन्सं म्हणाल्या, "मामा, पुढचा शाफ्टही जाईल." "जाऊ दे गं, पिंजरा हाय की आता!" वन्संनी लॅपटॉप उघडला, चित्रं दाखवायला लागल्या. मामांनी चित्रांकडं बघितलंच नाही. वन्संचा आवाज चढला, मामांचा त्याहून चढला. आणि तेवढ्यात हौसाबाई पाटावरनं उठली. साडीचा ओचा झटकला. "मालक, जिमीन नीट हुईस्तवर मी न्हाय मोळी लावत." एवढंच. तिच्या मागं मोळ्या वाहणाऱ्या दोघी उठल्या. मग गुळव्यानं झारा ठेवला. मामांनी सगळ्यांकडं बघितलं, मग पहारीकडं बघितलं, जी अजून तशीच कट्ट्याखाली रुतलेली होती. "बरं," ते म्हणाले, "ऊस शेजारच्या गुऱ्हाळाला घालतो. उकरा." आणि जरा वेळानं, मिस्त्रींकडं न बघता, "मिस्त्री, तुमास्नी बोललो त्ये मागं घेतो. गावातबी सांगतो." मिस्त्री म्हणाले, "कोपरा माझाबी चुकलावता, पावणं." वन्संनी लगेच जोडलं, "आणि गणित माझं." तिघांच्या तीन चुका होत्या. तिथंच गरम गुळाचा एकेक खडा सगळ्यांच्या हातावर पडला.

परतताना वन्संनी स्कूटर थांबवायला लावली आणि पेढे घेतले. घरात शिरल्या त्या ओरडतच, "आई! माझं चुकलंय! सगळं चुकलंय! तोंड उघड!" सासूबाईंनी पेढा खाल्ला आणि मग विचारलं, काय चुकलं? प्रबंध चुकलाय, असं ऐकल्यावर पेढा घशात अडकला. मार्गदर्शकांचा संध्याकाळी फोन आला. भला माणूस. म्हणाले, आहे तसा देऊन टाका, जमीन हलते हे शेवटी 'पुढील संशोधनाच्या दिशा' या भागात दोन ओळींत लिहा. सगळे तेच करतात. वन्सं म्हणाल्या, "सर, माझी पद्धत वापरून कुणी शाफ्ट केला आणि त्याच्याखाली कुणी बसलेलं असलं तर?" मग ते म्हणाले, "ठीक आहे. पुन्हा लिहा." त्या रात्री वन्संनी पाणी पिऊन झोपायच्या आधी मला विचारलं, "वैनी, आईला फार लागलंय का?" लागलं होतं. सासूबाई तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी पदराला हात पुसत खिडकीशी आल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "आता लाल कुठं आलंय?"

आणखी दीड वर्ष लागलं. तो शाफ्ट त्या हंगामात टिकला, पुढच्याही टिकला. मिस्त्रींच्या बोळातली गर्दी परत आली, आणि गोल कोपऱ्यासाठी सांगलीहून माणसं येतात असं ते स्वतः सांगतात. वन्संनी प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभाराच्या ओळीत सगळ्यात आधी हौसाबाईचं नाव घातलं. तोंडी परीक्षेच्या दिवशी विद्यापीठाच्या हॉलमध्ये हौसाबाई, मामा, मिस्त्री आणि सासूबाई मागच्या रांगेत दाटीवाटीनं बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, पाया हलतो ही कल्पना कुठून सुचली? वन्संनी मागच्या रांगेकडं हात केला. "सुचली नाही सर. त्यांनी पायांनी मोजली." परीक्षकांनी वळून बघितलं. हौसाबाईनं गडबडून पदर सावरला आणि उभं राहून नमस्कार केला.

त्याच वर्षी वन्संना चेन्नईला एका संशोधन संस्थेत बोलावणं आलं. त्या गेल्या. जाताना दोन बॅगा पुस्तकांच्या आणि एक कपड्यांची. आता आठवड्याला फोन येतो. सासूबाईंशी वीस मिनिटं कशाच्या तरी भेगांबद्दल बोलतात, मग जेवलीस का, जेवले, आणि फोन ठेवतात.

परवा दिवस कलायला लागला होता, तेव्हा दाराशी मिस्त्री उभे. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. "डॉक्टरीणबाई हाईत का?" मी म्हटलं, "मिस्त्री, त्या चेन्नईला असतात ना आता." "व्हय की," ते म्हणाले, "ठावं हाय. चालत चालत आलो आपला." मी चहा टाकला. त्यांनी फडकं सोडलं. आत कुठल्याशा पंपाचा मोडका दांडा होता, तोंडावर बारीक बारीक लाटा, अगदी स्पष्ट, एकीपुढं एक. मी म्हटलं, "फोटो काढून पाठवते त्यांना. कशानं मोडला ते सांगतील."

"नगं," मिस्त्री म्हणाले. "कशानं मोडला त्ये मला ठावं हाय." त्यांनी तो तुकडा उजेडाकडं जरा फिरवला. "लई देखणा मोडलाय ओ. दाखवायला कोण न्हाय."

मी चहाचा कप त्यांच्यापाशी ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसले. उजेड होता तोवर आम्ही दोघं तो तुकडा बघत राहिलो.